दुखापतींचे अलर्ट देणारं अ‍ॅप: पूर्ण सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो आणि पाच वर्षं फँटसी प्रीमियर लीग खेळतोय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे फुटबॉलपटू निवडून आपला संघ बांधायचा आणि ते मैदानावर जसे खेळतील तसे गुण मिळवायचे, असा हा ऑनलाइन गेम. आमची चौदा जणांची लीग आहे. निम्मे कंपनीतले, बाकी इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगमधले आणि त्यांची पोरं. पैशाचा संबंध नाही. मे महिन्यात जो पहिला येतो त्याला बाकीचे मिसळ खाऊ घालतात आणि वर्षभर त्याचं ऐकून घेतात.

खेळाडूंच्या दुखापतींचे अलर्ट देणारं हे अ‍ॅप ऑगस्ट 2024 मध्ये टाकलं. दोन महिने फुकटचं वापरलं, मग महिना 149 रुपयांचं प्रीमियम घेतलं आणि 25 मे 2025 ला सीझन संपेपर्यंत रोज वापरलं. पाचपैकी दोन स्टार देतोय.

ते दोन कशाचे, ते आधी सांगतो. डेडलाइनची, म्हणजे संघात बदल करायच्या शेवटच्या वेळेची आठवण चोख येते. 27 ऑक्टोबरला इंग्लंडची घड्याळं एक तास मागे गेली, तेव्हा शनिवारी दुपारच्या मॅचची डेडलाइन आपल्याकडे साडेतीनवरून साडेचारवर गेली. आमच्यातल्या दोघांचा दरवर्षी इथे गोंधळ होतो. अ‍ॅपने वेळ बरोबर दाखवली, मार्चअखेरीस घड्याळं पुन्हा पुढे गेली तेव्हाही. प्रेस कॉन्फरन्स कोणाची किती वाजता, हेही नीट दिसतं. एवढंच असतं तर मी पूर्ण पाच दिले असते.

आता दुखापतींच्या बातम्या, ज्यासाठी पैसे भरले. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी मी सुट्टीवर होतो, म्हणून मुद्दाम वहीत नोंद ठेवली. सकाळपासून रात्रीपर्यंत 41 नोटिफिकेशन आले. त्यात मला आधी माहीत नव्हतं असं फक्त तीनमध्ये होतं. एका क्लबच्या मॅनेजरने, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाने, पत्रकारांना सांगितलं, ‘त्याला थोडा मार लागलाय, उद्या सकाळी बघू.’ या एका वाक्याचे सहा अलर्ट झाले. पहिल्यात ‘थोडा मार’ होता, तिसऱ्यात ‘दुखापत’, पाचव्यात ‘मोठा धक्का’. सहाव्यात प्रश्नचिन्ह लावून ‘अनेक आठवडे बाहेर?’ असं विचारलं होतं. उघडून वाचलं तर आत तेच एक वाक्य. पराचा कावळा कसा होतो ते त्या दिवशी ओळीने लिहून काढलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

गेममध्येच खेळाडूच्या नावापुढे झेंडा दिसतो: पिवळा म्हणजे खेळण्याची शक्यता 75, 50 किंवा 25 टक्के, लाल म्हणजे जवळपास नाहीच. 75 चा अर्थ सरळ आहे, बहुतेक खेळेल. अ‍ॅप त्याच 75 चा अलर्ट ‘बाहेर बसण्याची भीती’ असा देतं. आकडा तोच, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

माझं नुकसान झालं ते जानेवारीतल्या एका शनिवारी. साडेतीनला पाळी सुटली. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे खिशात फोन तीनदा थरथरला. गाडी चहाच्या टपरीशेजारी लावली आणि हेल्मेट न काढताच वाचलं: ‘ब्रेकिंग, ट्रेनिंगला गैरहजर.’ माझा कॅप्टन होता तो फॉरवर्ड, आणि कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात. चार वाजून बारा मिनिटं झालेली, डेडलाइन साडेचारला. फुकटची ट्रान्सफर, म्हणजे गुण न गमावता खेळाडू बदलायची संधी, त्या आठवड्यात आधीच वापरली होती, म्हणून चार गुणांचा भुर्दंड सोसून त्याला विकलं, दुसरा घेतला आणि त्याच नव्याला कॅप्टन केलं. हात थरथरत होते, खरंच.

रात्री तो फॉरवर्ड पूर्ण नव्वद मिनिटं खेळला. दोन गोल, बोनससकट तेरा गुण. माझ्याकडे कॅप्टन म्हणून राहिला असता तर सव्वीस. नव्याने दोन दिले, त्याचे दुप्पट चार, भुर्दंडात तेही गेले. सीझन संपला तेव्हा मी अकरा गुणांनी दुसरा होतो.

दुसऱ्या दिवशी त्या बातमीचा उगम शोधला. क्लबने ट्रेनिंगचे वीसेक फोटो टाकले होते आणि त्यातल्या एकातही तो दिसत नव्हता, एवढंच. कोणा चाहत्याने तसं लिहिलं आणि अ‍ॅपने ते उचललं. पंचवीस माणसं मैदानावर असतात, फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो टाकत नाही. अलर्टमध्ये ‘फोटोत दिसला नाही’ असं लिहिलं असतं तर मी गाडी थांबवलीच नसती.

आणखी एक गोष्ट अ‍ॅपने पूर्ण सीझनमध्ये एकदाही सांगितली नाही. कॅप्टन एक मिनिटही खेळला नाही तर व्हाइस कॅप्टनचे गुण दुप्पट होतात आणि बेंचवरचा खेळाडू आपोआप आत येतो. ही सोय गेममध्येच आहे. खरा धोका वेगळाच असतो: अर्धवट बरा झालेला खेळाडू शेवटची दहा मिनिटं उतरतो आणि एक गुण देऊन जातो. याबद्दल सांगायला हवं होतं. पण शांतपणे सांगितलेल्या गोष्टीवर कोणी धावतपळत क्लिक करत नाही.

अशा अफवांना जागा कुठून मिळते, हेही समजून घ्या. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये प्रत्येक संघाला आठवडाभर दुखापतींचा अहवाल द्यावाच लागतो, कोणी सराव पूर्ण केला, कोणी अर्धवट, कोणी केलाच नाही. प्रीमियर लीगमध्ये असं बंधन नाही. मॅनेजर सांगेल तेवढंच कळतं, आणि समोरच्या संघाला सुगावा लागू नये म्हणून तो मोघम बोलतो. त्या मोघम बोलण्याची पोकळी ही अ‍ॅप्स अंदाजांनी भरतात आणि त्या अंदाजाला बातमी म्हणतात.

माझ्या वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. ‘हॅमस्ट्रिंग, 14 दिवसांत परतणार’ असा अलर्ट त्यांना दाखवला. त्यांनी पहिलं विचारलं, ‘भाऊजी, याचा एमआरआय कोणी पाहिलाय?’ अलर्ट देणाऱ्यांनी त्याला टीव्हीवर पाय धरताना पाहिलं, एवढंच. त्या म्हणाल्या की मांडीमागचा स्नायू नुसता ताणला गेला असेल तर एकदोन आठवड्यांत माणूस पळायला लागतो, फाटला असेल तर महिने जातात, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तोच स्नायू पुन्हा दुखावण्याची भीती मोठी असते. अ‍ॅपच्या ‘एक्स्पर्ट’ कोपऱ्यात मात्र मॅच संपायच्या आत दिवस मोजलेले असतात. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार आहे.

आर्सेनल क्लबच्या साकाचं उदाहरण घ्या. 21 डिसेंबर 2024 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध त्याचा हॅमस्ट्रिंग गेला. त्याचा मॅनेजर आर्टेटाने आधी बरेच आठवडे लागतील म्हटलं, नंतर शस्त्रक्रिया झाल्याचं आणि दोन महिन्यांहून जास्त लागतील असं सांगितलं. 1 एप्रिलला फुलहॅमविरुद्ध तो बदली म्हणून उतरला आणि गोल केला. म्हणजे शंभर दिवसांत खऱ्या बातम्या जेमतेम चार. मला मात्र जवळजवळ रोज ‘साकाबाबत मोठी अपडेट’ येत होती.

सगळ्यात जास्त लागलं ते पुतण्याचं. तो नववीत आहे, आमच्या लीगमध्येच खेळतो आणि माझं पाहूनच त्याने हे अ‍ॅप टाकलं होतं. साका कुबड्या घेऊन स्टेडियमबाहेर पडला, ती बातमी पाहून तो म्हणाला, ‘बरं झालं काका, माझ्याकडे नव्हताच तो.’ तेवीस वर्षांचा पोरगा कुबड्यांवर आहे आणि आमच्या घरातलं पोर बरं झालं म्हणतंय. मी त्याला रागावलो नाही, कारण ते वाक्य त्याला शिकवलं कोणी हे मला माहीत होतं. अलर्टमध्ये खाली लगेच लिहिलेलं असायचं: ‘आत्ताच विका, किंमत पडेल.’ दुखलं किती, यावर एक ओळ नाही.

अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगतो: प्रत्येक अलर्टच्या पहिल्या ओळीत लिहा की हे कोण म्हणालं, मॅनेजर, क्लब की कोणी चाहता. तेच वाक्य दुसऱ्यांदा पाठवू नका. आणि डेडलाइनच्या शेवटच्या तासात नक्की नसलेलं काहीही पाठवू नका. त्या तासात माणूस विचार करत नाही, नुसतं बटण दाबतो.

मार्चपासून मी डेडलाइन सोडून सगळे नोटिफिकेशन बंद ठेवले. शुक्रवारी जेवण झाल्यावर पुतण्या आणि मी मॅनेजरांच्या प्रेस कॉन्फरन्सचे व्हिडिओ पाहतो, वीस मिनिटं पुरतात. ‘बघू’ म्हणताना मॅनेजरचा चेहरा कसा होता, यावर आमचा वाद होतो. शेवटच्या दहा गेमवीकमध्ये, म्हणजे सामन्यांच्या फेऱ्यांमध्ये, भुर्दंडाची ट्रान्सफर मी एकदाही केली नाही.

26 मेला प्रीमियम बंद केलं. पुतण्याच्या फोनमधून अ‍ॅप त्यानेच काढलं, मी सांगायच्या आधी.