गिअरवर की क्लचवर? जिप्सीच्या सेल्फला आडकाठी कुठे घालावी

जुन्या गाडीत दुसरं इंजिन चढवताना (स्वॅप) इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, रेडिएटरची गळती थांबली की वायरिंगचा नंबर लागतो. तोवर माणूस इतका थकलेला असतो की चावीतून निघालेली स्टार्टची वायर सरळ सेल्फला जोडतो आणि हात धुतो. मीही तेच केलं होतं. जुनी 970 सीसीची जिप्सी, तिच्यात जिप्सी किंगचं 1298 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि त्याच्याच जोडीचा पाच गिअरचा बॉक्स. सेल्फ मारला, गाडी लागली, पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी गावी गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी होती. आपल्याकडे हँडब्रेकवर कोण भरवसा ठेवतो? भाच्याला मोबाइल चार्ज करायचा होता. त्याने बाहेरूनच खिडकीतून हात घालून चावी फिरवली, ती जरा जास्तच फिरली. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन असतं तर एक गचका देऊन, खोकून गप्प बसलं असतं. हे एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने पेट्रोल घेणारं, अर्ध्या फेऱ्यात पेटलं आणि गाडी थेट कडब्याच्या गंजीत घुसली. भाचा बाजूला होता म्हणून निभावलं. बहिणीने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ फिरूच नये यासाठी त्याच्या वायरीत स्विच घालतात. तेव्हापासून या विषयात शिरलो. आधी एक प्रकार लावला, वर्षभर वापरला, काढला, मग दुसरा लावला. तुमचाही असाच एखादा प्रोजेक्ट उभा असेल आणि न्यूट्रलवर स्विच लावावा की क्लच पेडलवर, हे ठरत नसेल, तर माझा अनुभव समोर ठेवतो. तुमची गाडी वेगळी, तुमचा बॉक्स वेगळा, तेव्हा माझं म्हणणं चाळणीतून गाळूनच घ्या.

बॉक्स ऑटोमॅटिक असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. त्या बॉक्सवर मुळातच स्विच असतो, पार्क किंवा न्यूट्रल सोडून सेल्फ फिरू देत नाही, आणि अमेरिकेत तर 1968 पासून तो कायद्यानेच लागतो. त्याच्या वायरी शोधा आणि जोडा. प्रश्न आहे तो आपल्यासारख्या मॅन्युअलवाल्यांचा, ज्यांच्या बॉक्सवर रिव्हर्स लाइटचा स्विच सापडतो आणि न्यूट्रलचा काही सापडत नाही.

मी आधी न्यूट्रल निवडलं. विचार सरळ होता. गाडी गिअरमध्ये असली की उडी मारते, मग गिअरवरच नजर ठेवावी. शिवाय न्यूट्रलमध्ये असताना बोनेट उघडं ठेवून बाहेरूनच सेल्फ मारता येतो. कॉम्प्रेशन बघायचं असेल, स्पार्क बघायचा असेल, तर एकट्याने काम उरकतं. ही सोय छोटी नाही, हे आधीच कबूल करतो.

गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे हलतो, गिअर पडताना पुढे-मागे जातो. म्हणून दांड्याला दोन एमएम पत्र्याची वाकवलेली पट्टी लावली, टनेलला, म्हणजे बॉक्सवरच्या बॉडीच्या उंचवट्याला, ब्रॅकेट ठोकून त्यावर छोट्या चाकाचा मायक्रोस्विच बसवला. दांडा न्यूट्रलमध्ये कुठेही असला तरी पट्टी चाक दाबून धरते, गिअर पडला की सोडते. वर्कशॉपमध्ये हे इतकं छान चाललं की मी त्याचा व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला.

महिन्याभरात एक खोड सुरू झाली. चावी फिरवली की कधीकधी काहीच नाही. खट्‌ नाही, कट्‌ नाही, डॅशचे दिवे ठणठणीत. गिअर जरा हलवला, पुन्हा चावी फिरवली, की लागली. दहा वेळा बिनतक्रार लागते आणि मुकी होते ती अकराव्या वेळी नेमकं पेट्रोल पंपावर, मागे रांग असताना.

कारण हुडकायला मला दोन महिने लागले. दांडा बॉक्सवर आहे, आणि बॉक्स रबरी माउंटिंगवर हलतो. स्विच मात्र बॉडीला ठोकलेला. गाडी बंद होताना इंजिन एक शेवटचा झोका घेतं आणि कुठेतरी विसावतं. रोज त्याच जागी विसावेल असं नाही. त्यात स्वॅपची माउंटिंग नवीन, ती बसेपर्यंत बॉक्स दोन-तीन एमएम खाली आलेला. मग ब्रॅकेट सोडवून बॉक्सच्याच झाकणाला लावला. त्रास अर्धा झाला, पण गेला नाही. या बॉक्सच्या दांड्याखालचं बुश झिजतं हे जिप्सीवाल्यांना सांगायला नको. झिजलं की न्यूट्रलमध्येही दांडा आपल्या मर्जीने कुठेही झुकतो. बुश बदललं. सहा महिने बरे गेले, आणि मग आपली काळ्या मातीची धूळ. दांड्याच्या रबरी बुटाखाली ती इतकी बारीक साचते की पावडर लावल्यासारखी दिसते. पहिल्या पावसात तिचा लेप होतो आणि स्विचचं चाक फिरायचं थांबतं.

ज्या सकाळी मी हा नाद सोडला ती सकाळ सांगतो. अंबाजोगाईला लग्न होतं, पहाटे निघायचं. गाडीत थोरले मामा, मामी, दोन मावश्या, आहेराच्या पिशव्या. चावी फिरवली, शांतता. दांडा हलवला, शांतता. डावीकडे दाबून धरला, उजवीकडे दाबून धरला, थोपटला. मामा फेट्याचं टोक सावरत म्हणाले, "गाडी चालू करायलास का बैल चुचकारायलास रे?" शेवटी मावश्यांना उतरवून धक्का मारला. सिल्कच्या साड्यांत. लग्नात नवरदेवापेक्षा माझ्या गाडीचीच चर्चा जास्त झाली.

हे गाडी न लागण्याचं दुखणं नाही. गाडी न लागण्याची शंभर कारणं असतात. दुखणं हे की मुकी झाली की कळत नाही कोण मुकं झालं. बॅटरीचं टर्मिनल, रिले, सेल्फ की तो मायक्रोस्विच? आणि स्विच बघायचा तर कन्सोल काढा, दांड्याचा रबरी बूट काढा, टॉर्च तोंडात धरा.

क्लचचा स्विच, जो पेडल दाबल्याशिवाय सेल्फ फिरू देत नाही, तो डॅशच्या खाली, डोळ्यांसमोर. शंका आली तर वाकून बोटाने दाबा आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवा, अर्थात गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे आधी बघून. दहा सेकंदांत समजतं की चोर हा आहे की नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

क्लचवाल्यांची बाजू मांडताना त्याचे दोषही सांगतो, नाहीतर विकायला बसल्यासारखं होईल. पहिला, एकट्याने बोनेटमध्ये काम करता येत नाही. पेडल दाबायला कोणीतरी हवं. मी सीट आणि पेडलच्या मध्ये बाभळीची काठी अडकवतो, पण ती अडकवण्याआधी गिअर दोनदा तपासतो. कारण काठी अडकवली की संरक्षण शून्य. दुसरा, आमचे दादा. त्यांचा डावा गुडघा दुखतो, आणि प्रत्येक वेळी क्लच तळापर्यंत दाबायचा हे त्यांना अजून पटलेलं नाही. तिसरा दोष खरा धोक्याचा. पावसाळ्यात गाडी दोन महिने शेडमध्ये उभी राहिली आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली. पेडल तळाला गेलं, स्विच खूश, पण क्लच सुटलाच नाही. गाडीने फूटभर उडी मारली. न्यूट्रलचा स्विच असता तर ही उडी झाली नसती, हे मान्य.

दोन्ही स्विच एका रांगेत लावणारेही आहेत. सुरक्षा उत्तम. पण मग मुकेपणाची दोन कारणं होतात, आणि माझा स्वभाव त्याला पुरत नाही.

क्लचवर लावणार असाल तर एक चूक टाळा, जी मला एका वायरमनने करूनच दिली होती. त्याने ब्रेक लाइटचा स्विच आणला आणि ब्रेकसारखाच पेडलच्या वरच्या टोकाला बसवला. तो स्विच पेडल जागेवर असताना दाबलेला असतो आणि पेडल जरा हललं की जोडला जातो. म्हणजे क्लच इंचभर दाबला तरी सेल्फ फिरणार, आणि इंचभरात क्लच सुटलेला नसतो. काही उपयोग नाही. स्विच असा हवा की पेडल जवळपास तळाला गेल्यावरच दाबला जाऊन जोडेल. पण तो खाली फायरवॉलवर, म्हणजे पेडलमागच्या पत्र्यावर, बसवू नका. चपलेची माती नेमकी तिथेच झडते. मी पेडलच्या दांडीला वरच्या बाजूला पट्टी जोडली आणि स्विच वरच, डॅशखालच्या ब्रॅकेटवर ठेवला.

स्विच कुठलाही निवडा, सेल्फच्या सोलेनॉइडचा (सेल्फ जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा) करंट त्यातून नेऊ नका. तो खेचताना दहा-वीस अँपिअर आरामात घेतो, आणि एवढासा स्विच काही महिन्यांत काळा पडतो. मध्ये साधा चार पिनांचा रिले टाका, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. पिनांवर नंबर असतात: 85 आणि 86 कॉइलच्या, 30 आणि 87 मोठ्या करंटच्या. बॅटरीतून फ्यूजमार्गे 30 वर, 87 वरून सेल्फच्या 50 नंबरच्या टोकावर. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, तेवढाच स्विचमधून जाऊ द्या.

आता कॉइलच्या कुठल्या बाजूला स्विच घालायचा? न्यूट्रलच्या वेळी मी अर्थच्या बाजूला घातला होता, म्हणजे 85 वरून स्विच आणि स्विचवरून बॉडी. वायर कमी लागते, काम झटपट. वायर टनेलच्या पत्र्याच्या धारेवर घासली, सोलली, बॉडीला टेकली. आता कॉइलला कायमचा अर्थ मिळाला, आणि गाडी गिअरमध्येही हसतहसत चालू व्हायला लागली. काही दिवा नाही, काही आवाज नाही. मला ते योगायोगाने कळलं. आता चावीची स्टार्ट वायर 5 अँपिअरच्या फ्यूजमधून स्विचला, स्विचवरून 86 ला, आणि 85 सरळ अर्थला. स्विचच्या अलीकडे वायर घासून बॉडीला टेकली की फ्यूज उडतो, गाडी मुकी होते. मुकेपणावर एवढं लिहिणाऱ्याने मुकी होणारीच पद्धत निवडावी हे विसंगत वाटेल. पण कडब्याची गंजी अजून डोळ्यांसमोर आहे, आणि फ्यूज बघायला कन्सोल काढावा लागत नाही.

काम झालं की चाकांना पुढे-मागे दगड लावून, गिअर टाकून, क्लच न दाबता चावी फिरवून बघा. गप्प राहायला हवी. मी दर पावसाळ्यानंतर हे करतो.

तुमच्या बॉक्सवर कंपनीचाच, आतल्या गिअर सरकवणाऱ्या रेलवर चालणारा, आट्यांनी बसणारा न्यूट्रल स्विच असेल, तर माझं रडगाणं तुम्हाला फारसं लागू नाही. त्याला ना माउंटिंगचा झोका कळतो ना धूळ. कदाचित मीही तोच ठेवला असता. घरचा पत्रा आणि मायक्रोस्विच यांच्यावर संसार करायचा असेल तर मात्र दोनदा विचार करा. आणि हो, इंजिन बदलल्यावर आरसीवर नवा नंबर चढवून घेतला नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी बघा, स्विच नंतर.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, डायरेक्ट करून टाका. ट्रॅक्टरवाले तेच करतात. नव्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, मग खाली उभं राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवतात. मागचं मोठं चाक तिथून हातभर अंतरावर असतं.

दादांनी परवा गुपचूप स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून काळी टेप गुंडाळली होती. मी टेप काढली, वायरी परत जोडल्या, आणि त्यांच्यासाठी ड्रायव्हर सीट दोन खाचे पुढे सरकवून ठेवली.