जुन्या मारुती ८०० ला रिलेवाला जीपीएस ट्रॅकर: घ्याच, पण रिले जपून जोडा

कार्ब्युरेटरच्या ८०० ला चार वायरींचा साधा ट्रॅकर पुरतो. लाल वायर २ अँपिअरचा फ्यूज घालून बॅटरीच्या कायम प्लसला, काळी रंग खरवडलेल्या बॉडीला, तिसरी इग्निशनला आणि चौथी रिलेला, म्हणजे ट्रॅकरच्या हुकमावर इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला.

घोळ होतो तो रिलेत. माहितीपत्रक सांगतं, फ्युएल पंपाची वायर तोडा. पण या गाडीचा पंप मेकॅनिकल, त्याला वायरच नाही! म्हणून इग्निशन कॉइलची प्लस वायर कापायची. एक टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, दुसरं ८७ए वर. चुकून ८७ वर लावलं, तर गाडी सुरूच होत नाही. सांधे सोल्डरच करून घ्या. नुसती पिळून टेप मारलेली वायर हादऱ्याने सैल होते आणि इंजिन चालत्या गाडीत बंद पडतं, हे फार धोक्याचं.

यंत्र टूजी असेल तर जिओचं सिम चालणार नाही. डबी डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू आभाळाकडे. वर पत्रा आला की ठिकाण भरकटतं.

३० मिलिअँपिअर ओढणारं यंत्र उभ्या गाडीची ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तीन आठवड्यांत जवळजवळ निम्मी करतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा. वीज तुटल्याचा अलर्ट मात्र पहिल्याच दिवशी चालू करा, कारण चोर आधी बॅटरीच काढतो.