कॅप्सूल घेतली की चेहरा लाल होतो, आणि तिथंच माणूस फसतो

मशरूमच्या 'मायक्रोडोसिंग' (नशेच्या मशरूमचा, नशा चढणार नाही इतका छोटा डोस नेमानं घेणं) कॅप्सूलपायी इंदूरच्या एका मराठी घरातले पन्नास हजारांवर रुपये गेले. त्यातले कॅप्सूलचे फक्त ४,८००. बाकीचे नंतर गेले, भीतीपोटी. ज्या बाईंनी मागवल्या त्यांना डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्रामची १० मिलीग्रॅमची गोळी चालू होती.

सुरुवात फॉर्मपासून होते. इन्स्टाग्रामवरची जाहिरात दाबली की व्हॉट्सॲप उघडतं, आणि 'दीदी, पहले छोटा-सा फॉर्म भर दीजिए' असा निरोप येतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ही डॉक्टर वापरतात तीच पीएचक्यू-९ प्रश्नावली, म्हणून विश्वास बसतो. तिचा नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर, चालू औषधं, पत्ता आणि नंबर, सगळं विकणाऱ्याच्या हाती पडतं. पुढं कामाला येतो तो हाच कागद.

पाकिटावर लिहिलेलं असतं: लायन्स मेन (एक खायचं मशरूम), विटामिन बी३ आणि 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं गुप्त मिश्रण). कशाचे किती मिलीग्रॅम, ते कुठंच नाही. सूचना अशी की सकाळी उपाशीपोटी घ्या, पाच दिवस घेऊन दोन दिवस सुट्टी. अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती गरम होऊन लाल होते, खाज सुटते. विकणारा लगेच म्हणतो, 'असर शुरू हो गया.'

हा असर मशरूमचा नाही, नायसिनचा, म्हणजे बी३चा आहे. साधारण ५० मिलीग्रॅम नायसिननंही त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि तासाभरात सगळं ओसरतं. उपाशीपोटी हे जास्त जाणवतं. सूचनेतलं 'उपाशीपोटी' त्यासाठीच. बी३चा दुसरा प्रकार, नायसिनामाइड, असा लालपणा आणत नाही, म्हणून तो वापरत नाहीत. परदेशात नशेचं मशरूम, लायन्स मेन आणि नायसिन हे मिश्रण खरंच चर्चेत आहे, त्यामुळे थोडंफार वाचलेल्या माणसालाही शंका येत नाही. नायसिन वरचेवर घेतलं की शरीर सरावतं आणि लालपणा कमी होतो. मग 'आता स्ट्राँग पॅक लागेल' म्हणून दुसरी ऑर्डर गळ्यात मारतात.

याहून वाईट सल्ला दुसराच होता: 'अंग्रेजी गोली बंद करो, नहीं तो काम नहीं करेगा.' डिप्रेशनच्या या गोळ्यांनी सिलोसायबिनचा, म्हणजे नशेच्या मशरूममधल्या द्रव्याचा, परिणाम दबू शकतो, एवढं खरं आहे. म्हणूनच सल्ला जाणकाराचा वाटतो. पण एस्सिटालोप्राम एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, चिडचिड, झोप उडणं सुरू होऊ शकतं. बाईंना हेच झालं. विकणाऱ्यानं त्याला 'डिटॉक्स' म्हटलं. म्हणजे बरं वाटलं तरी औषध लागू पडलं, आणि त्रास झाला तरीही!

पुरावा म्हणून दाखवतात २०२२ चा सिलोसायबिनचा मोठा अभ्यास. त्यात २५ मिलीग्रॅमचा एकच डोस, तोही थेरपिस्टच्या देखरेखीखाली, डिप्रेशनवर उपयोगी दिसला. तुलनेसाठी नाममात्र ठेवलेला डोस होता १ मिलीग्रॅमचा. मायक्रोडोस म्हणून विकतात तो जवळपास तेवढाच! लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या २०२१ च्या अभ्यासात १९१ जण होते. मायक्रोडोसवाले सुधारले आणि रिकाम्या कॅप्सूलवालेही तितकेच सुधारले.

कॅप्सूलमधली भुकटी नुसती बघून काही कळत नाही. साधं खायचं मशरूम असेल तर नशीब म्हणायचं. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं अमानिता असेल तर त्यातलं मस्सिमॉल हे वेगळंच द्रव्य. गुंगी, गोंधळ, उलट्या. अमेरिकेत २०२४ मध्ये मशरूमच्या नावाची चॉकलेटं खाऊन अनेक जण इस्पितळात गेले. तपासणीत मस्सिमॉलबरोबर प्रेगॅबालिन हे फिट्सवरचं औषधसुद्धा सापडलं.

दुसऱ्या ऑर्डरनंतर फोन आला: 'नारकोटिक्स से बोल रहे हैं, आपका पार्सल पकड़ा गया है.' व्हिडिओ कॉलवर वर्दी, आणि फॉर्ममधली उत्तरं शब्द न शब्द वाचून दाखवलेली. घरी कळू नये म्हणून बाईंनी तीन वेळा पैसे पाठवले. व्हिडिओ कॉलवर अटक किंवा जामीन होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यातच नाही. पण सिलोसायबिन आणि त्यापासून शरीरात बनणारं सिलोसिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीत आहेत, हे खरं. 'मशरूमला कोर्टानं सूट दिलीय' हे विकणाऱ्याचं पालुपद. केरळ उच्च न्यायालयाचा २०२५ चा आदेश नुसत्या मशरूमबद्दल आहे, काढलेल्या अर्काबद्दल नाही. आपणच बेकायदा वस्तू मागवली या धास्तीनं माणूस तक्रार करत नाही, आणि भामट्यांचं सगळं गणित त्यावरच बसलेलं असतं.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, चॅट आणि पाकिटाचे फोटो जवळ ठेवा, चॅट डिलीट करू नका. 'रिफंड देतो, पिन टाका' म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मन सैरभैर असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रीही चालू असते. गोळी स्वतःच्या मनानं पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरकडे जाताना ती स्ट्रिप आणि पाकीट दोन्ही न्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर ते आधी सांगा, कारण सिलोसायबिनसोबत त्यानं फिट्स आल्याची उदाहरणं आहेत.