आर्च लिनक्स: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात ड्रॉइंग, कोटेशन आणि बिलांचा पीसी गेले काही महिने आर्चवर आहे. आर्च ही 'रोलिंग' पद्धतीची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम: ठरावीक मोठ्या आवृत्त्या नाहीत, अपडेट सतत येत राहतात. मत आधीच सांगतो: नवी फीचर्स इथे झटपट मिळतात, पण हवं तेवढंच उचलता येत नाही. घ्यायचं तर सगळं एकदम.

लवकर म्हणजे किती? केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी 2024च्या अखेरीस आली आणि आर्चवर मार्चमध्ये मिळाली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची स्टेबल आवृत्ती वापरणाऱ्यांना ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 येईपर्यंत थांबावं लागलं. आर्चचे पॅकेजर (प्रोग्रॅमची इन्स्टॉल करायची पॅकेजेस बांधणारे) स्वतः फीचर घालत नाहीत. मूळ प्रकल्पाचं रिलीज जवळपास जसंच्या तसं बांधायचं, कर्नलसारखी (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) महत्त्वाची पॅकेजेस आधी टेस्टिंगमध्ये ठेवायची, मग सगळ्यांसाठी सोडायची, अशी पद्धत. जुनीच आवृत्ती ठेवून तिला फक्त पॅच लावण्याचा प्रकार सहसा नाही. एखाद्या बगची दुरुस्ती हवी असेल तर तिच्यासोबत बदललेला मेनूही येणार, हे धरून चालायचं.

सगळ्यात जास्त घोळ अर्धवट अपडेटने होतो. पॅकमॅन हे आर्चचं पॅकेजेस टाकायचं साधन. 'पॅकमॅन -एसवाय' करून (म्हणजे फक्त पॅकेजेसची यादी ताजी करून) एकच प्रोग्रॅम टाकला, तर तो नव्या लायब्ररीवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडवर) बांधलेला येतो आणि मशीनवर लायब्ररी जुनीच असते. मग प्रोग्रॅम उघडतच नाही, शेअर्ड लायब्ररी सापडत नाही असा एरर येतो. म्हणून कायम 'पॅकमॅन -एसवाययू', म्हणजे पूर्ण अपडेट. एयूआरमधली (वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहातली) पॅकेजेस मात्र यात आपोआप नव्याने बांधली जात नाहीत. पायथॉनची आवृत्ती 3.12 वरून 3.13 अशी सरकली की त्यातली पायथॉनवर चालणारी पुन्हा बिल्ड करावी लागतात.

दुसरी हमखास अडचण पेनड्राइव्हची. कर्नल अपडेट झाला की जुन्या कर्नलच्या मॉड्यूल्सचा (ड्रायव्हरसारख्या, लागतील तेव्हा लोड होणाऱ्या भागांचा) फोल्डर डिस्कवरून जातो, पण मेमरीत जुनाच कर्नल चालू असतो. गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन समोर उभं आणि पेनड्राइव्ह माउंट होत नाही. पेनड्राइव्ह चांगला असतो, मशीन रीस्टार्ट करा.

अपडेटच्या आधी आर्चच्या साइटवरच्या बातम्या वाचाच. जून 2025 मध्ये हार्डवेअरला लागणाऱ्या फाइलींच्या लिनक्स-फर्मवेअर पॅकेजचे तुकडे झाले, तेव्हा जुनं पॅकेज हाताने काढून नवं टाकावं लागत होतं. त्याची कमांड तिथेच दिली होती.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएस नसेल तर अपडेटला हात लावू नका. मध्येच लाईट गेली आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लोड होणारी फाइल) अर्धवट राहिलं, तर मशीन बूट होत नाही. अशा वेळी आर्चच्या यूएसबीवरून बूट करून रूट आणि बूट पार्टिशन माउंट करा, आर्च-क्रूट कमांडने डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत जा, पॅकमॅनची डीबी.एलसीके ही लॉक फाइल काढा, पूर्ण अपडेट पुन्हा चालवा आणि शेवटी 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' (पी कॅपिटल) चालवून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा. एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नल शेजारी टाकून ठेवा, बूट मेनूतही घ्या; नवा कर्नल अडला तरी काम थांबत नाही. डाउनलोड झालेल्या पॅकेजेसची कॅश साफ करणारं पॅककॅश प्रत्येकाच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवतं, तेवढ्या पुरतात. कॅश सरसकट रिकामी केली तर मागे जायची सोयच जाते.

हे सगळं सांभाळायला कोणी नसेल तर ओपनसुसे टम्बलवीड हे लिनक्स घ्या. तेही रोलिंगच, पण प्रत्येक स्नॅपशॉट (अपडेटचा गठ्ठा) ओपनक्यूएच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांतून जातो. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम आणि आधीच्या स्थिती जपून ठेवणारं स्नॅपर असल्यामुळे बिघडलं तर बूट मेनूतून आधीच्या स्थितीत जाता येतं. तिथे अपडेट 'झिपर डप' या कमांडनेच करायचं, 'झिपर अप'ने नाही.