टायरच्या बिलावर नुसतं ‘४ नग’ लिहिलेलं असेल तर

टायरच्या दुकानात होणारी फसवणूक सहसा नकली मालाची नसते. टायर खरा असतो, कंपनी नावाजलेली असते, मापही बरोबर असतं. लबाडी होते ती दाखवलेला टायर आणि बसवलेला टायर यांच्या मधल्या वेळात, आणि ती पचते बिलामुळे. माझ्या बिलावर कंपनीचं नाव, २०५/५५ आर १६ हे माप आणि त्यापुढे ‘४ नग’ एवढंच होतं. तेवढ्या जोरावर दुकानदाराने काय काय केलं ते सांगतो. तुमचे टायर बदलायला आले असतील तर गाडी लिफ्टवर चढायच्या आधी वाचा.

आमची साधी घरगुती सेडान. गाडीबरोबर आलेल्या टायरांच्या खोबणीतल्या आडव्या पट्ट्या वरच्या रबराच्या बरोबरीला यायला लागल्या होत्या. या पट्ट्यांची उंची १.६ मिमी असते, आणि बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादाही तीच आहे. कारच्या नव्या टायरची खोबण साधारण ८ मिमी खोल असते. म्हणजे टायर संपले होते, यात वाद नव्हता. मला हवे होते परफॉर्मन्स टायर, पण टिकाऊ. हायवेच्या वळणावर गाडी धरून राहावी, पावसात ब्रेक पटकन लागावा आणि तरी रबर भराभर झिजू नये. घरची माणसं मागच्या सीटवर असली की असं सगळंच हवंसं वाटतं, आणि असं गिऱ्हाईक आलं की टायरवाल्याला आनंद होतो.

स्टँडवर एक टायर लावलेला होता. व्ही आकाराची नक्षी, काळाभोर, अंगावर रबराचे बारीक केस तसेच. दुकानदाराने साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बोट ठेवलं. “साहेब, ट्रेडवेअर बघा. ५००. म्हणजे पन्नास हजार किलोमीटर डोळे झाकून. लिहून देतो.” आणि खरंच लिहून दिलं, स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे. सही नाही, शिक्का नाही, टायरचं नावही नाही.

हा ‘आकडा गुणिले शंभर’ हिशोब इतक्या दुकानांत ऐकू येतो की आधी त्याचाच निकाल लावू. ट्रेडवेअर हा अमेरिकी सरकारच्या श्रेणीपद्धतीतला आकडा आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किमी चालवतात. त्यात तुमचा टायर आणि एक प्रमाण टायर यांची झीज मोजतात आणि पुढची झीज अंदाजाने काढतात. प्रमाण टायरला १०० धरलं, तर ५०० वाला त्या चाचणीत त्याच्या पाचपट टिकेल, एवढाच त्याचा अर्थ. किलोमीटरचा आकडा त्यात कुठेच नाही. शिवाय श्रेणी कंपनी स्वतःच ठरवते. एखादी कंपनी हात राखून आकडा देते, दुसरी सढळ हाताने. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला हा आकडा कामाचा, पण दोन कंपन्यांमध्ये जेमतेम. युरोपचं लेबल बघाल तर त्यावर ओल्या रस्त्यावरची पकड आहे, इंधनाचा हिशोब आहे, आवाज आहे. टायर किती टिकेल याचा रकाना नाही.

एक गोष्ट कोणताच विक्रेता आपणहून सांगत नाही. जास्त टिकणारं रबर बहुधा कडक असतं आणि जास्त चिकटणारं मऊ. सिलिका घालून कंपन्यांनी ही ओढाताण बरीच कमी केली आहे, पण संपवलेली नाही. ‘परफॉर्मन्सही आणि लाइफही, काहीच सोडायला नको’ असं कुणी म्हणाला तर तो टायर विकत नसतो, तुमचीच इच्छा तुम्हाला परत विकत असतो.

सौदा ठरला. गाडी आत गेली आणि मला काचेच्या खोलीत बसवलं. थंडगार एसी, टीव्ही, मासिकं, आणि काच अशी की पलीकडचं काही दिसत नाही. मधे एकदा दुकानदार स्वतः येऊन मला बाहेर घेऊन गेला, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी वाकला आणि तारखेचा कोड दाखवला: ११२४. “२०२४ चा अकरावा आठवडा. ताजा माल.” कोड कसा वाचायचा ते मला आधीच माहीत होतं. साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. समाधान वाटलं. दाखवायचं तेवढंच चाक त्याने दाखवलं होतं, हे नंतर कळलं.

कोरड्या रस्त्यावर पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. मागून थोडी घरघर यायची, पण नवे टायर आहेत, बसतील, असं सगळेच म्हणतात. मग पाऊस सुरू झाला. एका उताराच्या वळणावर, वेग अगदी बेताचा असताना, गाडीचं मागचं अंग बाहेर सरकलं. ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी सावरली. मागे बसलेल्यांना फक्त झोका बसल्यासारखं वाटलं, मला मात्र तळहाताला घाम फुटला. पुढचे टायर रस्ता धरून होते, मागचे नव्हते. चारही एकाच दिवशी बसवलेले एकसारखे टायर असे वागत नाहीत.

उलगडा केला एका पंक्चरवाल्याने. मागच्या डाव्या चाकात खिळा गेला होता. त्याने चाक उतरवलं, हवेचा पाइप हातात घेतला आणि थांबला. “दादा, हा बाण उलटा आहे.”

व्ही नक्षीचा टायर एकाच दिशेने फिरायला बनवलेला असतो. पाणी मधून कडेला फेकणं हे त्या नक्षीचं काम. म्हणून साइडवॉलवर ‘रोटेशन’ लिहून बाण काढलेला असतो. आमच्या मागच्या डाव्या चाकाचा बाण मागे बघत होता. तो उलटा का बसवला असेल हे टायर फिरवल्यावर दिसलं. तारखेचा पूर्ण कोड बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो. त्यामुळे चारही टायर एकाच साच्यातले असले, तर गाडीच्या एका बाजूला कोड बाहेर राहतो आणि दुसऱ्या बाजूला आत जातो. आमच्या गाडीत डावीकडे तो बाहेर यायला हवा होता. पुढे तसा आला होता, तोच मला दाखवला होता. मागे तो आत होता. टॉर्च मारून वाचला: ३८१८. २०१८ चा अडतिसावा आठवडा. मागच्या उजव्या टायरवरही तेच. म्हणजे तारीख लपवायला एक टायर जाणूनबुजून उलटा बसवला होता, पाऊसपाण्यात आमचं काय होईल याची पर्वा न करता.

मग आम्ही दोघं चारही टायर नीट बघत बसलो. मॉडेलचं नाव चौघांवर एकच, पण पुढच्यांच्या नावाशेवटी ३ आणि मागच्यांच्या २. आधीच्या पिढीचा माल. नक्षी इतकी सारखी की शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळू नये. ट्रेडवेअर पुढे ५००, मागे ३६०. दुकानदाराचा खोटा हिशोब खरा धरला तरी मागची जोडी त्यात नापास! पंक्चरवाल्याने पुढच्या टायरच्या ठोकळ्यात नख रोवलं, वण उठला. मागच्यावर नख घसरलं. पॉलिश धुऊन गेल्यावर खोबणीच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा दिसत होत्या. टायर न वापरता पडून राहिला तरी रबर हवेने आणि उष्णतेने कडक होत जातं, वरचं पॉलिश फक्त डोळ्यांसाठी.

सगळ्याचे फोटो काढून दुकान गाठलं. पहिलं उत्तर आलं, “टायरला काय एक्स्पायरी असते का?” औषधासारखी छापील नसते, खरं आहे. पण अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि काही मोठ्या टायर कंपन्या म्हणतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका. नवा म्हणून घेतलेला टायर पहिल्या दिवशीच पाच वर्षांच्या पुढे गेलेला असेल, तर त्याचं अर्धंअधिक आयुष्य दुकानदाराच्या गोदामात गेलं. दुसरं उत्तर, “डेट आत जाते, डिझाइनच तसं आहे.” उजव्या चाकाबाबत हे बरोबर होतं, डाव्याबाबत बाणानेच त्याला खोटं पाडलं. बाण दाखवल्यावर आवाज बदलला आणि तिसरं उत्तर आलं. खरं हत्यार तेच होतं.

“हे टायर आमच्याच दुकानातले कशावरून? मधे कुठे बदलले नसतील कशावरून?”

आणि त्याने माझंच बिल माझ्यापुढे सरकवलं. माप, ४ नग. मॉडेलचं नाव नाही, कोड नाही, ट्रेडवेअर नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, पण टायर क्रमांकाचे चारही रकाने कोरे. कंपनीच्या ग्राहकसेवेलाही कळवलं. त्यांनी सभ्यपणे दोन गोष्टी सांगितल्या. वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी आहे, तीही झिजलेल्या भागाची वजावट करून. आणि कोणता टायर कोणी विकला हे बिलावरच्या क्रमांकावरून ठरतं. व्हिजिटिंग कार्डावरच्या पन्नास हजारांशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि नसणारच. ग्राहक म्हणून रीतसर तक्रार केली आहे, पण कागद बघणारा प्रत्येक जण त्या ‘४ नग’पाशी येऊन अडतो. मागची जोडी मी दुसरीकडून पदरमोड करून बदलली.

त्या दुसऱ्या दुकानात मी गाडीजवळच उभा राहिलो. कुणाला राग आला नाही. चारही टायर रिमवर चढायच्या आधी जमिनीवर ओळीने ठेवायला सांगा. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत आणि आकड्यापर्यंत वाचा. मग तारीख, मग मापापुढचा भार आणि वेगाचा निर्देश. ९१ व्ही म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि ताशी २४० किमी. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय त्यापेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर ‘माप तेच आहे’ म्हणून गळ्यात मारतात, तो घेऊ नका. चारही टायरांचे फोटो काढा आणि तेच चार कोड बिलावर लिहून घ्या. ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही’ असं उत्तर मिळेल. बिलावर पेनाने लिहून शिक्का मारायला सॉफ्टवेअर लागत नाही. गाडी खाली उतरली की बाण बघा. नक्षी बाणाची नसून आत-बाहेरची असेल, तर ‘आउटसाइड’ हा शब्द बाहेरून दिसायला हवा.

जोडीच बदलायची असेल तर नवी जोडी मागे, पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी असली तरीही. पुढची चाकं घसरली तर स्टीअरिंगवर कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली तर सामान्य चालकाच्या हातात फारसं काही राहत नाही. टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यायला जादा पैसे देण्याबद्दल एवढंच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याच्या, कागदावर मात्र आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे मागा. पहिल्या दुकानाने मला फक्त ‘नंतरचे’ दिले होते, सगळे हिरवे. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर ट्रेडवेअर कितीही असो, टायरची एक कड आधी जाते. हवा कमी ठेवली तर दोन्ही कडा जातात, जास्त ठेवली तर मधला भाग.

आता ज्याला त्याला हाच प्रश्न पडतो, की मग घ्यायचे कोणते? घरगुती सेडानला, टिकाऊपणा आणि पकड दोन्ही बऱ्यापैकी हवी असेल तर, मी ३०० ते ४५० ट्रेडवेअरच्या टायरांमध्ये शोधेन. त्याच पद्धतीतली ओल्या रस्त्यावरची ट्रॅक्शन श्रेणी एए, निदान ए. युरोपचं लेबल असेल तर वेट ग्रिप ए किंवा बी. २०० च्या आसपासचे टायर ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी, ते रोजच्या वापरात बघता बघता संपतात. ६०० च्या पुढचे टिकतील, पण त्यांना परफॉर्मन्स टायर म्हणणं जरा धाडसाचंच. तारीख एक वर्षाच्या आतली, चारही टायरांवर जवळपास सारखी. आणि स्टँडवरचा टायर आवडला असेल तर त्याच्या साइडवॉलचा फोटो तिथेच काढा, म्हणजे गोदामातून आलेल्या टायरशी तो ताडून बघता येईल.