वास्कोतलं बालसेवक शिबिर: पालकांनी मुलांना जरूर पाठवावं

मुलांना चर्चमध्ये पुढं आणायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी नाताळात एक नाटुकलं बसवतात आणि जानेवारीत मुलं परत मागच्या बाकांवर. म्हणून आमच्या वास्कोतल्या मराठी मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, मे महिन्याच्या सुट्टीत घेतलेल्या शिबिराबद्दल मुद्दाम लिहिते. माझी नात आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही जात होते. मी स्वतः शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवलेलं आहे, त्यामुळे मागं बसून सगळं नीट पाहिलं.

इथं मुलांना अख्खी उपासना चालवायला शिकवतात: शास्त्रवाचन, मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना, गीतं निवडणं, दारात स्वागत, अर्पण गोळा करणं. सगळ्यात जास्त मेहनत वाचनावर घेतली आणि ते फार बरं केलं. आमची बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, पण पवित्र शास्त्रातलं मराठी समोर आलं की अडखळतात. शिकवणाऱ्या ताईंनी उतारे मोठ्या अक्षरांत लिहून काढले होते, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीची उभी रेघ.

उतारा होता जुन्या करारातला, २ राजे, अध्याय ५, अरामी सेनापती नामानाचा. इस्राएलातून धरून आणलेली लहान मुलगी त्याच्या बायकोची दासी आहे, आणि शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेलं तर धन्याचं कोड जाईल, हे ती मालकिणीला सांगते. त्या मुलीचं नावसुद्धा शास्त्रात नाही. ताईंनी विचारलं, “ती कशी बोलली असेल?” कुणी म्हणालं घाबरत, कुणी म्हणालं ठामपणे. माझी नात म्हणाली, “तिला त्यांची दया आली असेल.” आणि रविवारी तिने ती ओळ तशीच वाचली. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा शिकवली, पण दासीचं मन असं कुणी ऐकवलं नव्हतं.

प्रार्थना पाठ करून घेतली नाही, हेही आवडलं. काळजीची माणसं मुलांनीच वहीत लिहायची: बंदरात रात्रपाळी करणारे बाबा, सावंतवाडीची आजारी आजी, परीक्षेत मागं पडलेली मैत्रीण. त्यातूनच प्रार्थना तयार झाली.

पालकांसाठी महत्त्वाचं: मुलांसोबत कायम किमान दोन मोठी माणसं असतात आणि खोलीचं दार उघडं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती पहिल्याच दिवशी दिली. शुल्क नाही, खाऊचा डबा घरून न्यायचा.

दोन गोष्टी खटकल्या. माइकचा स्टँड मोठ्यांच्या उंचीचा, लहानग्यांना टाचा उंचावून वाचावं लागलं. आणि प्रत्येक वाचनानंतर मंडळीने टाळ्या वाजवल्या. कौतुक खरंच होतं, पण पाळकसाहेबांच्या वाचनाला आपण टाळ्या वाजवतो का? मुलं सेवा करत होती, तिला ‘आमेन’ पुरे होतं.

शेजारच्या कॅथलिक घरातली मुलगी दर रविवारी वेदीवर मदतीला असते. मुलींनाही ही सेवा देता येईल, असं व्हॅटिकनने १९९४ मध्ये स्पष्ट केलं. तिला वर्षभर काम मिळतं, आमच्या मुलांना वर्षातून एकच रविवार. तेव्हा चतुर्थीच्या सुट्टीत पुढचं शिबिर घ्या आणि दर महिन्याचं एक वाचन मुलांच्या नावावर लावा, एवढी विनंती मी पाळकसाहेबांकडे लेखी दिली आहे.