टीचभर फ्लॅशसाठी एवढं भांडण? हो. कोकण किनाऱ्यावर छोटा कॅमेरा वापरल्यानंतर

माझ्या छोट्या कॅमेऱ्याचा वर उघडणारा फ्लॅश परत चालू झालाय म्हणून लिहायला बसलो. एक इंच सेन्सर (फोटो टिपणारी चिप), २४-७० झूम (२४ ला रुंद दृश्य, ७० ला लांबचं जवळ), एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं), खिशात मावणारा. पावसाळा संपल्यावर सेकंडहँड घेतला, आता बाजारात आंबे आलेत, तेवढ्यात बाणकोट खाडीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत किनारा तुकड्यातुकड्याने फिरून झाला.

सगळे म्हणतात या बारक्या फ्लॅशचा काही उपयोग नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते त्याच्यामुळेच. दापोलीजवळ हर्णैला दुपार कलली की वाळूवर मासळीचा लिलाव सुरू होतो, ऊन समुद्राकडून तिरपं येतं, ओली वाळू चकाकते आणि टोपलीवर वाकलेल्या मावशींचा चेहरा फोटोत काळा पडतो. चेहऱ्याचं एक्स्पोजर धरलं तर मागचा समुद्र पांढराफटक. मोबाइल दोन्ही उजळवतो खरं, पण मग ऊन होतं असं वाटतच नाही. या कॅमेऱ्यात शटरच्या पाकळ्या लेन्सच्या आत असतात, त्या पूर्ण उघडतात, म्हणून १/१००० सेकंदाच्या वेगाला सुद्धा फ्लॅश अख्ख्या फ्रेमवर पडतो. डीएसएलआर म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात शटरचा पडदा असतो, तो साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेला की सेन्सरवरून नुसती फट सरकते, तिथे हायस्पीड सिंकवाला (वेगवान शटरशी जुळणारा) मोठा फ्लॅश विकत घ्यावा लागतो, त्याचं वजन आणि किंमत वेगळीच. मी एफ ४, १/१०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५ ठेवून फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा केला. आकाश निळं राहिलं आणि मावशींच्या मनगटाला चिकटलेले खवले सुटे सुटे दिसले! आधी त्या म्हणाल्या, "उन्हात लाइट कशाला मारतोस रे?" स्क्रीन दाखवल्यावर जावेलाच हाक मारली, "हिचा पण काढ."

आणि नेमका हाच फ्लॅश मध्येच वर यायचा बंद झाला. सर्व्हिस सेंटरला दिला (कंपनीचं नाव लिहीत नाही), तर म्हणे पूर्ण टॉप कव्हर बदलावं लागेल, आणि खर्च मी दिलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास! म्हटलं उघडून साफ तरी करा. "सर, आम्ही पार्ट साफ करत नाही, बदलतो." वर तपासणीचे पैसे वेगळे. खूप हुज्जत घातली, मॅनेजरपर्यंत गेलो, शेवटी तसाच परत आणला. चालू वस्तू मिठाच्या चार कणांसाठी फेकायला लावायची हे मला पटतच नाही. रत्नागिरीत एका जुन्या रिपेअरवाल्या काकांनी आधी फ्लॅशचा कपॅसिटर डिस्चार्ज केला (कॅमेरा बंद असला तरी त्यात जबर व्होल्टेज राहतं, घरी स्क्रू काढू नका), मग बिजागरीत आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश, आणि निघालेली पांढरी खार कागदावर झाडून मला दाखवली. चारशे रुपये घेतले. मी पाचशे दिले.

झूमबद्दल सुरुवातीला माझी कुरकुर होती, ७० ला समुद्रातल्या होड्या टिचभर दिसतात. आता नाही. भर उन्हात फ्लॅश पोचतो चार-पाच फूट, म्हणजे जवळ जावंच लागतं, बोलावं लागतं, आणि जवळून काढलेलेच फोटो पुन्हा पुन्हा बघितले जातात. बॅटरी मात्र तेव्हाही लवकर संपायची, आताही संपते, पण दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीची वाट बघताना गाडीत यूएसबीवर चार्ज होते, त्यामुळे चालवून घेतो.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) हत्तीच्या कातळशिल्पाला फ्लॅश बंदच ठेवा. जांभ्यात कोरलेली रेघ सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसते, समोरून लाइट मारला की सपाट होते. तिथे हात वर करून, स्क्रीन खाली वळवून २४ ला काढायचा.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर फ्लॅश दहा-बारा वेळा उघडबंद करून बघा, एकदाही अडला तर किंमत पाडा. आणि किनाऱ्यावरून आल्यावर आधी कोरड्या ब्रशने बिजागरी झाडा, ओलं फडकं नंतर.